इंदूरचं रेशीम, कॉम्प्टनचा ठेका

बडा गणपतीच्या चौकात संध्याकाळी उभं राहिलं की एकाच वेळी चार गाणी कानावर येतात. देवळातली आरती, विमानतळाकडे निघालेल्या रिक्षातला रेडिओ, कुठल्या तरी दुकानातलं भजन, आणि गणपतीचे दिवस असले तर ट्रकवर रचलेल्या डीजेचा धडधडाट. हा शेवटचा कानाआधी छातीला ऐकू येतो. अशाच एका धडधडाटात माझ्या भाच्याने मला कोपराने ढोसलं. म्हणाला, “मामा, नीट ऐक. वर लताबाई आहेत. पण ही चाल इथून अमेरिकेला जाऊन आलीय.”

मी म्हटलं, लताबाई तर इथल्याच. राजवाडा ओलांडून पुढे गेलं की सिख मोहल्ला. 28 सप्टेंबर 1929 ला त्यांचा जन्म तिथला. त्या जागी आता कापडाचं दुकान आहे. अमेरिकेला गेलेलं त्यांचं गाणं रेशमाचं निघावं, हा योगायोग मला नंतर लक्षात आला.

भाचा लॅपटॉपवर ‘बीट’ बनवतो. म्हणजे काय करतो, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. त्या रात्रीनंतर मी त्याच्याकडून थोडं आणि वाचून थोडं असं शिकलो. रॅप गाणं कसं तयार होतं हे समजून घ्यायला इंदूरकराला यापेक्षा सोयीचं उदाहरण नाही, म्हणून ते इथे मांडतो.

गाणं होतं ‘थोडा रेशम लगता है’. चित्रपट ‘ज्योती’, 1981. संगीत बप्पी लाहिरी, पडद्यावर अरुणा इराणी. गाजलं फारसं नाही, विसरलंही गेलं. एकवीस वर्षांनी, 2002 मध्ये, ‘ॲडिक्टिव्ह’ नावाचं एक अमेरिकन गाणं आलं. गायिका ट्रुथ हर्ट्स, मधे रॅप करणारा राकिम, आणि गाणं घडवणारा डीजे क्विक. त्यात लताबाईंचा आवाज जवळजवळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे. बिलबोर्डच्या मुख्य यादीत ते नवव्या क्रमांकापर्यंत चढलं.

हा क्विक कोण? खरं नाव डेव्हिड मार्विन ब्लेक, जन्म 18 जानेवारी 1970, गाव कॉम्प्टन. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेचं हे छोटं शहर, डॉ. ड्रे तिथलाच. क्विकच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘सी’ नाही. तो वाढला त्या वस्तीत ब्लड्स टोळीचा वरचष्मा होता, आणि वैरी क्रिप्स टोळीचं आद्याक्षर ‘सी’, म्हणून ते अक्षरच गाळलेलं. आपल्याकडे काही बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं हे वैऱ्याचं अक्षर न घेणं.

शाळकरी वयात तो तबकड्या फिरवायला लागला. 1987 मध्ये ‘द रेड टेप’ नावाची घरगुती कॅसेट त्याने मोहल्ल्यात वाटली-विकली, तिच्यावरून प्रोफाइल रेकॉर्ड्सने त्याला घेतलं, आणि 1991 च्या जानेवारीत ‘क्विक इज द नेम’ आला. हा पहिलाच अल्बम पुढे दहा लाखांचा टप्पा ओलांडून प्लॅटिनम झाला. त्यानंतर ‘वे टू फॉन्की’ (1992), ‘सेफ अँड साउंड’ (1995), ‘रिदमॅलिझम’ (1998) आणि मग बरेच. टूपॅकच्या ‘ऑल आयज ऑन मी’ (1996) मधलं एक गाणं त्याने घडवलं, काही गाण्यांचं मिक्सिंग केलं. जे-झीच्या ‘द ब्लॅक अल्बम’ (2003) मध्येही एक गाणं त्याचं आहे. तरी ड्रेचं नाव माहीत असलेल्या दहा जणांपैकी क्विकचं नाव दोघांना माहीत असेल. तो कारागिरांचा कारागीर. आपल्याकडे अरेंजरचं असतं तसं: गाणं सगळ्यांना पाठ, आणि त्यातली व्हायोलिनं कुणी लिहिली ते कुणालाच माहीत नाही.

आता कारागिरीकडे वळू.

रॅपमध्ये ‘प्रोड्यूसर’ म्हणजे पैसे घालणारा निर्माता नव्हे. तो संगीतकार, अरेंजर आणि पुष्कळदा ध्वनिमुद्रकही. त्याचं काम एका वाक्यात सांगायचं तर शब्द यायच्या आधी जे काही वाजतं ते सगळं. क्विक हे करतो आणि वर स्वतः रॅपही करतो. दोन्ही नीट जमणारे कमी असतात.

मुळात हे सुरू झालं दोन तबकड्यांवर. 1973 च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात कूल हर्क नावाच्या तरुणाने घरच्या पार्टीत तबकड्या लावल्या. त्याने हेरलं होतं की लोक गाण्यात गाणारा थांबतो आणि नुसते ड्रम वाजतात त्या काही सेकंदांत जास्त नाचतात. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवायची युक्ती रूढ केली. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू, तोवर पहिली हाताने मागे फिरवायची. दहा सेकंदांचा तुकडा दहा मिनिटं चालतो. हाच लूप.

ऐंशीच्या दशकात हे काम यंत्राकडे गेलं. सॅम्पलर म्हणजे आवाजाचा तुकडा साठवून बोटाच्या टिचकीसरशी परत वाजवणारी पेटी. 1987 चा एसपी-1200 या धंद्यातला जुना मानकरी. त्याची सगळी स्मरणशक्ती मिळून दहा सेकंद, आणि एका तुकड्याला जास्तीत जास्त अडीच. ऐकायला हास्यास्पद वाटतं. पण हिशेब करून पाहा: मिनिटाला 96 मात्रांची लय धरली तर चार मात्रांचा एक ‘बार’ बरोबर अडीच सेकंदांत बसतो, आणि चार बार, म्हणजे सोळा मात्रा, दहा सेकंदांत. तीनतालाचं एक आवर्तन. एवढ्या भांडवलावर लोकांनी अख्खे अल्बम उभे केले.

अडीच सेकंदही पुरेनात तेव्हा एक चलाखी निघाली. 33 फेऱ्यांची रेकॉर्ड 45 वर लावायची. गाणं चिपमंकसारखं चिरकतं, पण मूळचे जवळजवळ साडेतीन सेकंद अडीचमध्ये मावतात. मग यंत्रात ते पुन्हा संथ करायचं. संथ करताना आवाज जरा खरबरीत होतो, कडा झिजतात. पुढे याच खरबरीतपणाची लोकांना चटक लागली, आणि आता भाच्याच्या लॅपटॉपवर तो मुद्दाम घालायची सोय आहे! गरिबीतून आलेली चव श्रीमंतीत विकत घ्यायची, हे आपल्याला बाजरीच्या भाकरीवरून माहीत आहेच.

क्विकची खासियत मात्र खरबरीतपणाच्या उलट्या बाजूला. त्याचे ड्रम धुतल्यासारखे स्वच्छ असतात. तुकड्यांच्या जोडीला तो खरे वादक बोलावतो, गिटार आणि बास वाजवून घेतो. टॉकबॉक्स हे वाद्य त्याने झॅप या बँडच्या रॉजर ट्राउटमनच्या वळणावर उचललं. की-बोर्डचा आवाज एका प्लास्टिकच्या नळीतून थेट तोंडात सोडायचा आणि ओठ-जीभ हलवून त्याला शब्दांचा आकार द्यायचा. गळा बंद, आणि तरी वाद्य बोलतं. पश्चिम किनाऱ्यावरच्या या संथ, गुबगुबीत, झुलत्या संगीताला जी-फंक म्हणतात. मोटारीत काचा खाली करून ऐकायचं संगीत ते.

अशा माणसाच्या हाती लताबाई कशा लागल्या? त्याने स्वतः सांगितलेली हकीकत साधी आहे. सकाळी उठला, टीव्ही लावला, दात घासता घासता एका वाहिनीवर हिंदी चित्रपटातलं गाणं लागलेलं दिसलं. अंग आपोआप डोलायला लागलं. त्याने व्हीसीआरवर ते टिपून ठेवलं. भाषा कळत नव्हती, चित्रपट ठाऊक नव्हता.

पुढची पायरी ऐकायला सोपी वाटते, करताना घाम काढते. हिंदी चित्रपटगीतं त्या काळी वादकांचा ताफा एकत्र बसून वाजवायचा. तबला-ढोलकवाला माणूस असतो. कडव्यात किंचित पुढे सरकतो, ओळीच्या शेवटी गायिकेसाठी केसभर थांबतो. आपल्याला ते जाणवतही नाही. यंत्राचा ठेका मात्र घड्याळासारखा, त्याला केसभरही थांबणं माहीत नाही. दोन्ही एकावर एक ठेवले की पहिल्या दोन ओळी जुळतात, चौथ्या ओळीला सम निसटते आणि दोन घोडे दोन दिशांना ओढू लागतात. उपाय असा, की गाण्याचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याची पहिली मात्रा यंत्राच्या पहिल्या मात्रेवर नेऊन खिळवायची. मधे ढोलकवाल्याने काय हवं ते करावं, दर समेला तो परत घरी आला पाहिजे. भाचा याला ‘चॉप’ म्हणतो. कापताना ध्वनिलहर जिथे शून्यावर येते नेमकी तिथेच कात्री चालवायची, नाही तर प्रत्येक सांध्यावर ‘टक्’ असा आवाज येतो.

मग जागा करायची. तबल्याचा डग्गा, ढोलकची धूम, बास गिटार, अमेरिकन किक ड्रम हे सगळे खालच्या मजल्यावर राहणारे लोक. किक ड्रमचा जोर सेकंदाला साधारण पन्नास ते शंभर कंपनांच्या पट्ट्यात असतो. तिथे दोघे जण घुसले तर नुसता चिखल होतो. म्हणून सॅम्पलचा खालचा भाग छाटून टाकतात आणि रिकाम्या जागी स्वतःचा ड्रम बसवतात. इथे लताबाईंचा गळा रॅपवाल्यांना का मानवतो ते कळतं. त्यांचा सूर उंच आणि सुईसारखा बारीक. तो वरच्या मजल्यावर एकटा राहतो, तळमजला पूर्ण मोकळा. अमेरिकन गायिका गाते ती मधल्या मजल्यावर. कुणी कुणाच्या पायावर पाय देत नाही. भारदस्त, घुमणाऱ्या आवाजाच्या गायकाचा तुकडा घेतला असता तर त्याच्या गळ्यातला अर्धा आवाज छाटावा लागला असता.

माझं मत विचाराल तर क्विकने या गाण्यात स्वतःला आवरलं हीच त्याची करामत. त्याने सॅम्पल पीठ होईपर्यंत दळलं नाही. गाण्याचा लांबचा लांब भाग जसाच्या तसा चालू ठेवला आणि त्याखाली ठेका सरकवला. बडा गणपतीची पंचवीस फुटी मूर्ती विटा, चुना, गूळ, मेथी आणि सप्तपुरींच्या मातीची आहे, असं सांगतात. त्यातला कुठला चिमूटभर भाग काशीचा आणि कुठला द्वारकेचा, हे कुणी दाखवू शकणार नाही. काही प्रोड्यूसर असं काम करतात: शंभर रेकॉर्डींची माती एक करून टाकतात. क्विकने काशीची माती वेगळी दिसेल अशीच ठेवली. कलेला ते मानवलं. कोर्टाला नाही, पण ते पुढे.

शब्दांचं थोडक्यात सांगतो. रॅपरच्या वाट्याला बहुधा सोळा बारचं एक कडवं येतं. मघाच्या 96 च्या लयीत ते चाळीस सेकंदांचं होतं. यमक सहसा बारच्या चौथ्या मात्रेवर, टाळीच्या ठिकाणी पडतं. ‘ॲडिक्टिव्ह’मध्ये रॅप करणारा राकिम 1987 च्या ‘पेड इन फुल’पासून प्रसिद्ध आहे, तो यमक फक्त ओळीच्या शेवटी न ठेवता पोटात, खांद्यावर, सगळीकडे पेरण्यासाठी. इंग्रजी समीक्षक याचं फार कौतुक करतात. ज्याने शाळेत मोरोपंतांच्या आर्या सोसल्या आहेत त्याला यात नवल वाटू नये. नवल आहे ते श्वासाचं. शब्द मात्रेच्या जरा मागे रेलून टाकायचे, घाई दिसू द्यायची नाही, आणि टाळीला मात्र चुकायचं नाही. ठुमरीतला बोल-बनाव ऐकणाऱ्याला ही मजा लगेच कळेल.

आता कोर्ट.

प्रत्येक ध्वनिमुद्रित गाण्यावर दोन वेगवेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे चाल आणि शब्द. दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे मास्टरचा. मी तेच गाणं माझ्या आवाजात म्हटलं तर फक्त पहिल्या हक्काचा प्रश्न येतो. लताबाईंचा तुकडा कापून घेतला तर दोन्ही. न्यूयॉर्कच्या कोर्टाने 1991 मध्ये बिझ मार्की या रॅपरच्या खटल्यात परवानगीविना सॅम्पल घेणं म्हणजे चोरी, असा निकाल दिला, आणि तेव्हापासून अमेरिकन कंपन्यांत ‘क्लिअरन्स’ नावाचा विभागच उभा राहिला. तरीही अकरा वर्षांनी हिंदी गाणं परवानगीशिवाय बाजारात आलं. लांबच्या भाषेतलं, लांबच्या देशातलं. कोण विचारायला येणार, असा हिशेब असावा.

विचारायला दोघे आले. सारेगामा या रेकॉर्ड कंपनीने 50 कोटी डॉलरचा दावा लावला. बप्पीदांनी वेगळी दाद मागितली, आणि 2003 च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या संघीय न्यायालयाने त्यांना श्रेय देईपर्यंत हे गाणं असलेल्या अल्बमची पुढची विक्री थांबवा, असा अंतरिम आदेश दिला. इकडे वर्तमानपत्रांत आनंदीआनंद झाला. (ज्यांच्या स्वतःच्या काही चाली परदेशी डिस्कोच्या अंगणातून आल्या होत्या, त्यांनी हे लढावं, यावर गमतीने बोलणारेही होते. बप्पीदांचं ‘हरि ओम हरि’ ऐकून ‘वन वे टिकट’ आठवत नाही असा माणूस विरळा.)

पण गोष्ट तिथे संपली नाही, आणि पुढचा भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. खटला चालता चालता प्रश्न आला, की चालीचा मालक कोण? बप्पीदांनी ती निर्मात्याच्या कंपनीसाठी मोबदला घेऊन केली होती. आपल्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे आणि चित्रपटधंद्याच्या रिवाजाप्रमाणे हक्क निर्मात्याचा, त्याच्याकडून तो रेकॉर्ड कंपनीकडे गेलेला. म्हणजे चाल ज्याच्या डोक्यातून निघाली त्याच्या हाती कागदावर काही नव्हतं. कोर्टाने त्यांचा दावा तर टिकू दिला नाहीच, उलट हक्क नसताना खटला चालवल्याबद्दल त्यांच्या वकिलाला सुमारे अडीच लाख डॉलरचा दंड ठोठावला. वरच्या न्यायालयाने 2010 मध्ये तो कायम केला.

याची जोडगोष्टही ऐकण्यासारखी. टिंबलँड हा आणखी एक रॅपर-प्रोड्यूसर. त्याने ‘आराधना’ (1969) मधल्या ‘बागों में बहार है’चा तुकडा घेतला, सचिनदेव बर्मनांची चाल, रफीसाहेब आणि पुन्हा लताबाई. सारेगामाने तिथेही दावा लावला, आणि 2011 मध्ये हरली. न्यायालयाने निर्मात्याशी झालेला 1967 चा जुना करार काढून वाचला आणि म्हटलं, यात तुम्हाला मिळालेली मक्तेदारी फक्त दोन वर्षांची होती. चाळीस वर्षं ज्याला सगळे मालक समजत होते, त्याचा सातबारा उघडला तेव्हा नाव वेगळंच निघालं.

या सगळ्या कागदांत गाणाऱ्या बाईंचा हक्क कुठेच आला नाही. गंमत म्हणजे या प्रश्नावर आपल्याकडे सगळ्यात आधी भांडणाऱ्यांत त्याच होत्या. साठच्या दशकात गायकांना रेकॉर्डवर रॉयल्टी मिळावी म्हणून त्या अडून बसल्या. रफीसाहेबांचं मत वेगळं होतं, आणि दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं सोडलं. त्याही आधी, 1949 च्या ‘महल’मधलं ‘आयेगा आनेवाला’ रेकॉर्डवर आलं तेव्हा गायिकेच्या जागी छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. रेडिओला पत्रं जायला लागली की ही गाते कोण, तेव्हा कुठे खरं नाव सांगितलं गेलं. 2012 मध्ये आपला कायदा बदलला आणि गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा न विकता येणारा हक्क मिळाला. ‘ज्योती’च्या रेशमाला तो उशिराच म्हणायचा. लताबाई आणि बप्पीदा दोघे 2022 च्या फेब्रुवारीत नऊ दिवसांच्या अंतराने गेले.

आणि गाणं? ‘ॲडिक्टिव्ह’ गाजल्यावर त्याच सुमारास आपल्याकडेही त्याचं रिमिक्स निघालं, ‘कलियों का चमन’ या नावाने, नव्या गायिकेच्या आवाजात. इंदूरहून मुंबई, मुंबईहून कॉम्प्टनवाल्याचा व्हीसीआर, तिथून परत मुंबई, आणि मग बडा गणपतीच्या चौकातला ट्रक. ज्याने ‘ज्योती’ पाहिला नाही तोही त्यावर नाचला.

भाच्याला मी सांगितलं की महूच्या रस्त्यावर पिगडंबरला सुमन चौरसियांनी उभारलेलं लता दीनानाथ मंगेशकर ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय आहे. हजारो तबकड्या, जुन्या 78 फेऱ्यांच्यासुद्धा. त्याचे डोळे असे चमकले, जसे आमच्या वेळी सराफ्यात गराडूची कढई दिसल्यावर चमकत. म्हणाला, “मामा, ‘ज्योती’ची रेकॉर्ड असेल का रे तिथे? रविवारी जाऊ या. मी लॅपटॉप घेऊन येतो.”

मी म्हटलं, ये. पण आधी विचारू, मग काप.